पोस्टकार्डाच्या तीन पट्ट्या

"तीन बस बदलून?" कल्पनाबाईंचा आवाज आता स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत आला होता, मागोमाग त्याही आल्या. हातात झारा तसाच. "सिरुसेरीहून अड्यार, अड्यारहून कोयंबेडू आणि तिथून परत इथे अंबत्तूरला! चौसष्ट पूर्ण झाली तुम्हाला. गुडघ्याला पट्टा. आणि एवढं करून काय, तर परक्यांच्या पोरांना लाकूड कसं कापायचं ते सांगायचं!"

"बुधवार आणि शनिवार. दोनच दिवस," मधुसूदनराव म्हणाले.

"दोन दिवस जा, म्हणजे चार दिवस मी तुमचे पाय चोळत बसते."

"कोणी सांगितलंय चोळायला?"

आशिष इतका वेळ मोबाइलमध्ये डोकं घालून बसला होता. त्याने ते वर काढलं. "बाबा, यंत्रं द्यायचं ठरलंय ना गुरुमूर्तींना? मग द्या आणि मोकळे व्हा. पंधरा तारखेला सिरुसेरीच्या फ्लॅटचा ताबा मिळतोय. नवव्या मजल्यावर तुम्हाला करवत चालवू देणार नाहीत, हे तुम्हालाही पटलंय. मग हे शिकवण्याचं मध्येच कुठून आलं?"

"मध्येच नाही आलं. गुरुमूर्ती वर्षभर मागे लागलाय, इथल्या माझ्या वर्कशॉपात येऊन पोरांना शिकवा म्हणून. मास्टर, तुमच्यासारखं कडं जोडणारा मद्रासेत दुसरा माणूस नाही, म्हणतो."

"चेन्नई," आशिष म्हणाला.

"हो, तेच ते."

"म्हणणारच तो," कल्पनाबाई म्हणाल्या. "फुकट मास्तर मिळतोय."

मधुसूदनराव उठले. त्यांनी खुंटीवरचा जुना शर्ट अंगात घातला. भांडणातून उठायची त्यांची ही पद्धत घराला चाळीस वर्षं ठाऊक होती. "माझी जिग बघा एकदा," दारातून ते म्हणाले. "बारा तुकडे कापले, जोडले, की सांध्यात कागद शिरत नाही. बावीस वर्षांत केसभरही हलली नाही. ती नुसती देऊन टाकू? ती कशी केली, हे कुणाला तरी सांगायला नको?"

कल्पनाबाई त्यावर काहीतरी बोलणार होत्या. तोंड उघडलंही होतं. मग त्या झारा घेऊन आत गेल्या.

घराच्या मागे सिमेंटच्या पत्र्याखाली त्यांची शेड होती. लेथ, चक्री करवत आणि भिंतीवर खिळ्यांना टांगलेल्या जिग, म्हणजे लाकूड ठरल्या मापात धरून कापायचे साचे. कामाला लागणाऱ्या सगळ्या जिग त्यांनी स्वतः केलेल्या होत्या, विकत आणलेली एकही नव्हती. लहान तुकडा धरताना बोट करवतीपासून लांब राहावं म्हणून रबर लावलेला दाबखुंटा. तुकड्यांची लांबी बदलता यावी म्हणून जुन्या बोल्टचा केलेला अडसर. आणि सगळ्यांत मोठी, प्लायवूडच्या फळीवर तिरकी आडपट्टी बसवलेली सरकती जिग. लाकूड त्या आडपट्टीला टेकवायचं, फळी करवतीवरून ढकलायची. प्रत्येक तुकड्याचं टोक पंधरा अंशांत कापलं जातं. असे बारा तुकडे गोल मांडले की कडं होतं. कड्यावर कडी चढवायची, सरसाने चिकटवायची आणि लेथवर धरून वाडगा कातायचा. सागवान, शिसव, मधे फणसाची पिवळी रेघ. निवृत्त झाल्यापासूनच्या चार वर्षांत त्यांनी असे साठएक वाडगे केले होते आणि नात्यातल्या प्रत्येक लग्नात एक दिला होता.

सोमवारी गुरुमूर्तीचा टेम्पो येणार होता. त्याच्या नव्या करवतीच्या टेबलाची खाच रुंद होती, म्हणून जिगच्या खालची सरकपट्टी बदलायला हवी होती. मधुसूदनरावांनी वाळलेल्या सागवानाची नवी पट्टी आधीच रंधून ठेवली होती, मेण घासून. जुनीचे स्क्रू आडपट्टीच्या खाली लपलेले होते. म्हणजे आधी आडपट्टी काढायची. बावीस वर्षांत ती त्यांनी एकदाही काढली नव्हती. काढायची गरजच पडली नव्हती.

पुढचा स्क्रू गंजला होता, तो तेल सोडून सैल केला. मागचा लगेच सुटला. आडपट्टीचं मागचं टोक एका ठोकळ्याला टेकलेलं होतं. तो ठोकळा त्यांनीच त्या वेळी कोन पक्का राहावा म्हणून बसवलेला. पट्टी उचलली, तेव्हा ठोकळ्याच्या तोंडावर काहीतरी चिकटलेलं दिसलं. नखाने खरवडलं. एकावर एक डकवलेल्या, बोटभर रुंदीच्या तीन जाड कागदी पट्ट्या निघाल्या. पोस्टकार्ड कापून केलेल्या. वरच्या पट्टीवर निळ्या शाईत अर्धी ओळ होती: 'लाडक्या भाचीस अनेक आशी'. अक्षर मिरजेच्या अक्कांचं, त्यांच्या थोरल्या बहिणीचं. अक्का जाऊन नऊ वर्षं झाली होती.

आधी त्यांना राग आला. त्यांच्या जिगला हात लावायची घरात कुणालाही परवानगी नव्हती. मग त्यांनी कोनमापक आणला. पट्ट्यांशिवाय आडपट्टी ठोकळ्याला टेकवून मोजली. पुन्हा मोजली. चष्मा पुसून तिसऱ्यांदा मोजली. मग पट्ट्या परत मध्ये घातल्या आणि मोजली. पट्ट्या घातल्यावर पंधरा अंश, नेमके. काढल्यावर थोडे जास्त. थोडे म्हणजे अंशाचा सातवा भाग असेल. पण बारा तुकड्यांना दोन-दोन टोकं, म्हणजे चोवीस काप, आणि प्रत्येक काप तेवढाच चुकणार. कडं पुरं होईपर्यंत साडेतीन अंश जमा होतात.

फळीवर पेन्सिलीची जुनी रेघ अजून होती. सहाशे मिलिमीटरची आडवी, पायाची, आणि तिच्या टोकाला उभी लहान रेघ. बाजूला त्यांच्याच अक्षरात लिहिलेलं: १६०.८. पाया सहाशे आणि उभी रेघ एवढी, की कोन पंधरा अंशांचा होतो. त्यांनी उभ्या रेघेला पोलादी पट्टी लावली. एकशे बासष्टच्या पुढे भरली.

ते स्टुलावर बसले. शर्टाच्या खिशात हात घातला आणि खिशातली पट्टी बाहेर काढली. तिला कारखान्यात सगळे 'कॉन्ट्रॅक्शन' म्हणत. आवडी गावातल्या कारखान्यात ते सदतीस वर्षं पॅटर्नमेकर होते. ओतकामासाठी आधी लाकडाचा नमुना करावा लागतो, आणि ओतलेला धातू थंड होताना आकसतो, म्हणून नमुना तेवढा मोठा करायचा. दर वेळी हिशेब करत बसायला नको म्हणून ही पट्टीच मुळात मोठी आखलेली असते. शंभरला एक जास्त. ती त्यांच्या खिशात पेनासारखी असायची. पायाची लांब रेघ त्यांनी घरातल्या मीटरपट्टीने मोजली असणार, आणि लहान उभी रेघ सवयीने खिशातल्या पट्टीने. सुताराच्या हातून ही चूक झाली नसती. त्याच्या खिशात असली पट्टी नसतेच.

उभी रेघ खिशातल्या पट्टीने मोजून बघितली. बरोब्बर १६०.८.

चूक त्यांना कधी दिसली नाही, याचंही कारण होतं. कारखान्यातल्या पद्धतीप्रमाणे ते सहा-सहा तुकड्यांची दोन अर्धी कडी जोडत, मग अर्ध्यांची तोंडं फिरत्या चकतीवर घासून सपाट करत आणि नंतरच दोन्ही एकमेकांना चिकटवत. जी काही चूक असेल ती त्या घासण्यात जायची. पहिल्या तीन वर्षांत खूप घासावं लागायचं. पुढे घासणं जवळजवळ लागेनासं झालं. आता हात बसला, असं त्यांना वाटलं होतं. गुरुमूर्तीला त्यांनी सांगितलंही होतं, जिग तीच असते, हात बसावा लागतो.

ती तीन वर्षं संपली एकोणनव्वद साली. तेव्हा ऊर्मी सतरा वर्षांची होती.

मुलगी लहानपणापासून शेडमध्येच असायची. आशिषला लाकडाच्या भुशाने शिंका यायच्या. ऊर्मी मात्र शाळेतून आली की दप्तर टाकून सरळ मागे. तिला रंधा धरता यायचा, लाकडाचे रेषे कुठल्या बाजूने जातात ते सांगता यायचं. बारावीनंतर कारखान्यात शिकाऊ भरती निघाली, तेव्हा तिने अर्ज आणला. ट्रेडच्या रकान्यात तिने 'पॅटर्नमेकर' लिहिलं होतं. खाली पालकाची सही हवी होती.

मधुसूदनरावांनी तो वाचला. नाही म्हणाले नाहीत. म्हणाले, "एक कडं करून दाखव. माझी मदत न घेता."

तिने बारा तुकडे कापले आणि अर्धी-अर्धी न करता सगळे एकदम जोडले. सायकलच्या ट्यूबची पट्टी करकचून गुंडाळून. का? तर बाबांची जिग चुकणारच नाही, मग घासायचं कशाला? दुसऱ्या दिवशी ट्यूब सोडली. कडं बाहेरून जुळलेलं आणि आतून एका सांध्यात फट, आगपेटीची काडी शिरेल एवढी.

"जिगमध्ये काहीतरी आहे, बाबा," ती म्हणाली होती.

नेमके तेव्हा कारखान्यातले दोघं जण चहाला आलेले होते. मधुसूदनरावांनी कडं त्यांच्यासमोर धरलं, फटीतून काडी आरपार घातली आणि हसले. "जिगमध्ये काही नाही. हात स्थिर नाही तुझा. ज्याला बारा तुकडे जुळवता येत नाहीत, त्याने जिगला नावं ठेवू नयेत." अर्ज त्यांनी कपाटावर ठेवला. मुदत गेली. ऊर्मीने बी. कॉम. केलं, बँकेची परीक्षा दिली. आता ती मैलापूरच्या शाखेत मॅनेजर होती. चांगलं झालं, सगळे म्हणत. तेही म्हणत.

आणि दोनच वर्षांनी पॅटर्न शॉपमध्ये पहिली मुलगी आली. तुळसी, कारखान्याच्या ड्रायव्हरची. मधुसूदनरावांनीच तिला शिकवलं. काय हात आहे पोरीचा, असं ते घरी जेवताना सांगायचे. बऱ्याचदा सांगायचे. ऊर्मी समोर बसून जेवत असायची.

रविवारी ऊर्मी जेवायला आली. नवरा राजगोपाल कामासाठी कोइमतूरला गेला होता, म्हणून एकटीच. आल्या आल्या तिने आईच्या हातातून ताटं घेतली.

"समजाव गं यांना," कल्पनाबाई म्हणाल्या. "कालपासून तोंड मिटून बसलेत. शिकवायला जायचं आहे."

"जाऊ दे ना आई. घरात बसून तुझ्याशी भांडण्यापेक्षा बरं."

"हो, तुम्ही बापलेक एक व्हा."

"कधी झालो गं आम्ही एक?" ऊर्मी हसत म्हणाली आणि पाण्याचे पेले मांडायला लागली.

मधुसूदनराव खिशात हात घालून बसले होते. भात वाढून झाला, सांबार आलं. कल्पनाबाईंनी लोणच्याची बरणी टेबलावर आणून ठेवली. बरणीच्या खाली लाकडाचं कडं होतं. गोल बुडाची जुनी बरणी कलंडू नये म्हणून ते कायम तिच्याखाली असायचं, बरणीबरोबर फडताळात जायचं, बरणीबरोबर टेबलावर यायचं. मधुसूदनरावांचा हात लोणच्याकडे गेला आणि थांबला. त्यांनी बरणी उचलून बाजूला ठेवली आणि कडं हातात घेतलं.

तेलाने काळं पडलेलं सागवान. बारा तुकडे. ते एकेक तुकडा अंगठ्याने चाचपत गेले. त्यांच्या पद्धतीच्या कड्यात अर्ध्यांच्या जोडाजवळचे तुकडे घासल्यामुळे जरा अरुंद होतात. कितीही काळजी घेतली तरी होतात. यातले बाराही सारखे होते. एकाही सांध्यात नख अडकत नव्हतं. त्यांनी ते उलटं केलं. खाली पेन्सिलीचे आकडे, एक ते बारा. सातचा आकडा ऊर्मी काढते तसा, मध्ये आडवी रेघ दिलेला.

"हे कधी केलंस?"

ऊर्मीने बघितलं. "ते होय. तेव्हाच. नंतरच्या आठवड्यात."

त्यांनी खिशातून पोस्टकार्डाच्या तीन पट्ट्या काढून ताटाजवळ ठेवल्या. आशिषने वाकून पाहिलं. "काय आहे हे?"



"मोजलीस कशी?" मधुसूदनरावांनी विचारलं. "तुझ्याकडे तर कोनमापक नव्हता."

"मोजली नाही. एक पट्टी घातली, बारा तुकडे कापले, जमिनीवर मांडले. बसले नाहीत. दोन घातल्या. पुन्हा कापले. तीनला बसले." ती भात कालवत होती. "तुम्ही पहिल्या पाळीला होतात त्या आठवड्यात. दुपारी यायच्या आत सगळं आवरून ठेवायचे मी."

"मला दाखवलं का नाहीस?"

या वेळी उत्तर कल्पनाबाईंनी दिलं. त्या अजून उभ्याच होत्या, सांबाराचं भांडं हातात धरून. "मी नको म्हटलं. त्याच महिन्यात तुम्हाला कारखान्यात उत्तम कारागीर म्हणून घड्याळ मिळालं होतं. रोज कुणी ना कुणी घरी यायचं. म्हटलं, आता पोरगी तुमची चूक काढणार, तुम्ही घर डोक्यावर घेणार. अर्जाची तारीख तर गेलीच होती. म्हटलं, गप्प बस." त्यांनी भांडं खाली ठेवलं. "पण टाकवेना मला ते. बरणीखाली ठेवलं. म्हटलं, एवढे मोठे कारागीर, रोज समोर येईल, कधीतरी बघतील. एकोणीस वर्षं मी ते तुमच्यासमोर मांडतेय. तुम्ही लोणचं घेता आणि जेवता."

 मधुसूदनराव कडं हातात फिरवत राहिले.

"चूक माझी होती," ते म्हणाले. "खिशातल्या पट्टीने मोजलं होतं मी."

"हो का," ऊर्मी म्हणाली. "म्हणजे शंभरला एक. मला त्या वेळी कारण कळलं नव्हतं. नुसतं चुकतंय एवढं कळलं होतं." ती क्षणभर खरंच त्या चुकीत रमली. डोळे बारीक करून तिने मनात काहीतरी आकडेमोड केली आणि मान हलवली. सतराव्या वर्षी जिगपाशी उभी राहून हलवायची तशी. मग तिने ताक ओतून घेतलं.

"तुला लेथ हवाय का?" त्यांनी एकदम विचारलं. "गुरुमूर्तीला मी नाही म्हणून सांगतो. तुझ्याकडे गच्ची आहे."

"बाबा, मी सकाळी साडेआठला घर सोडते, रात्री आठला येते. गच्चीत कपडे वाळतात." तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर त्यांना बरं वाटलं असतं. "आणि आता हात कुठला राहिलाय माझा? पेन धरायला लागतो तेवढा. तेव्हा मोजून बघितलं असतंत तर पाच मिनिटांचं काम होतं."

"हो."

"मी म्हटलं होतं, जिगमध्ये काहीतरी आहे."

"म्हटलं होतंस."

"मग झालं तर. जेवा आता. भात गार होतोय."

ते जेवले. जेवून शेडमध्ये गेले. नवी सरकपट्टी खाली बसवली, आडपट्टी जागेवर ठेवली. ठोकळ्याची जागा बदलून कोन कायमचा नीट करता आला असता. अर्ध्या तासाचं काम. त्यांनी पटाशी हातात घेतलीही. मग ती खाली ठेवून पोस्टकार्डाच्या तिन्ही पट्ट्या होत्या तशा डकवल्या, अक्कांचं अक्षर आतल्या बाजूला, आणि स्क्रू आवळले. फणसाचा एक तुकडा पडला होता, त्याचे बारा काप केले आणि करवतीच्या टेबलावर गोल मांडले. बाराव्याला हाताने हलकेच सारावं लागलं, आणि तो बसला. कागद शिरला नसता.

सदतीस वर्षांत त्यांच्या हाताखाली शिकायला आलेली मुलं त्यांना आठवायला लागली. नावं आठवेनात, हात आठवत होते. कुणाकुणाला आपण म्हणालो होतो, हात स्थिर नाही. किती जणांच्या शेऱ्यात तसं लिहिलं होतं. त्यातल्या कुणाची जिग आपण मोजून बघितली होती? एकाचीही नाही. तुळसीची बघितली होती. तिला नवी जिग दिली होती, कारखान्याची, तपासणीचा शिक्का मारलेली.

मग ते शेडमधूनच गुरुमूर्तीशी फोनवर बोलले. थोडंच बोलले. पलीकडून तो "मास्टर, मास्टर" करत राहिला.

घरात आशिष सिरुसेरीच्या बसचं वेळापत्रक कागदावर उतरवून घेत होता. बहुधा ऊर्मीने त्याला सांगितलं असावं. कारण ती म्हणत होती, "वातानुकूलित बस अड्यारपर्यंत येते, पुढे कोयंबेडूला बसून जायला मिळतं. दोन दिवस काही कठीण नाही, आई. जाऊ दे त्यांना."

"मी कुठे नाही म्हणते आता," कल्पनाबाई म्हणाल्या. त्या बरणीखाली कडं परत सारत होत्या. "डबा तेवढा द्यायला लागेल. बाहेरचं सोसत नाही त्यांना."

मधुसूदनराव दारात उभे राहिले. शर्टाच्या खिशातली पट्टी त्यांनी काढून टेबलावर ठेवली.

"उद्या सकाळी टेम्पो येईल," ते म्हणाले. "लेथ जाईल, करवत जाईल, जिग सगळ्या जातील. मी शिकवायला जाणार नाही. गुरुमूर्तीला तसं आत्ताच सांगितलंय."